परदेशी जाणाऱ्या खोक्याची तपासणी: जळगावच्या खरेदी-एजंटच्या गोदामाचं परीक्षण

परदेशात स्थायिक झालेल्या खान्देशी घरांसाठी जळगाव, भुसावळ आणि धुळे पट्ट्यात आता खरेदी-एजंटची सोय झाली आहे. तिकडून यादी पाठवायची. एजंट दाणाबाजारातून, बचत गटाकडून किंवा ऑनलाइन दुकानावरून माल घेतो, नाहीतर तुम्ही मागवलेली पार्सलं स्वतःच्या गोदामात उतरवून घेतो. मग सगळं एका खोक्यात बसवून कुरिअरने रवाना करतो. बहुतेक लोक एजंट निवडताना किलोमागचा दर तेवढा विचारतात. या परीक्षणात दराची तुलना नाही. माल गोदामात आल्यापासून खोक्याला शेवटची टेप लागेपर्यंत त्याची तपासणी कशी होते, एवढंच इथे पाहिलं आहे. खोकं एकदा मुंबईहून विमानात चढलं की आत काय चुकलंय ते कुणालाच सुधारता येत नाही. गोदामाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. पद्धत वाचा आणि तुमच्या एजंटकडून तशी करून घ्या.

तपासणी दोन प्रकारची मिळते. साधी तपासणी दरातच धरलेली असते: पार्सल उघडायचं, नग मोजायचे, वजन करायचं आणि दोन फोटो पाठवायचे. सविस्तर तपासणीचे नगामागे वेगळे पैसे पडतात. त्यात जवळून घेतलेले फोटो, मोजमाप, पिशवीच्या तोंडाच्या शिलाईची (गरम पट्टीने केलेल्या सीलची) व झाकणाची चाचणी आणि हवं असेल तर नव्याने पॅकिंग येतं. कपड्यांना साधी तपासणी पुरते. खायच्या वस्तू, बरणीतल्या वस्तू, मातीची भांडी आणि बॅटरी असलेलं काहीही, यांना सविस्तरच घ्यावी. तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

गोदामात पार्सल आल्यावरचा क्रम चांगला बसवलेला आहे. आधी बंद पार्सलचा सहाही बाजूंनी व्हिडिओ होतो. त्यात विक्रेत्याचं लेबल, टेप आणि कोपरे दिसतात. टेप कापतानाही कॅमेरा चालूच राहतो. हा तुकडा फार मोलाचा आहे. माल कमी निघाला किंवा फुटका निघाला, तर ऑनलाइन विक्रेता पहिली मागणी अखंड व्हिडिओची करतो. टेप कापून झाल्यावर सुरू केलेला व्हिडिओ तो मान्य करत नाही.

खरी अडचण मुदतीची असते. माल परत घ्यायची विक्रेत्याची मुदत साधारण सात ते दहा दिवस असते, आणि एजंट मात्र चार-पाच पार्सलं जमेपर्यंत वाट पाहतो. काही गोदामं पार्सल नुसतं फळीवर ठेवून देतात आणि खोकं भरायच्या दिवशीच उघडतात. तोवर मुदत उलटलेली असते, आणि चुकीच्या मापाचा कुर्ता किंवा चरा पडलेला मिक्सर तसाच परदेशी जातो. इथे पार्सल आल्यापासून दोन दिवसांत उघडतात, हा या गोदामाचा सगळ्यात मोठा गुण. तुमच्या एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा: पार्सल उतरलं त्या दिवशी उघडता की भरायच्या दिवशी?

फोटोंच्या बाबतीत समाधान अर्धंच आहे. साध्या तपासणीचे दोन फोटो वरून, ट्यूबलाइटखाली काढलेले असतात. त्यात वस्तू आली आहे एवढंच कळतं. खायच्या पाकिटाच्या फोटोत चार गोष्टी वाचता आल्या पाहिजेत: बनवल्याची तारीख, घटकांची यादी, निव्वळ वजन आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक. याशिवाय शिलाईचा एक फोटो आडव्या उजेडात हवा, म्हणजे पट्टीवरची सुरकुती दिसते. साडीचा रंग पाहायचा असेल तर दिवसाच्या उजेडात, दाराजवळ काढलेला फोटो मागा. ट्यूबलाइटखाली जांभळा आणि गर्द निळा यांची गल्लत होते. मागणी लिहिताना ‘नीट तपासा’ असं लिहून काही होत नाही. ‘तारखेचा फोटो, दोन्ही टोकांच्या शिलाईचा फोटो, काट्यावर ठेवलेल्या पाकिटाचा आकड्यासह फोटो’ असं लिहिलं की नेमकं तेवढं मिळतं.

आता खाण्याच्या सामानाकडे येऊ. खान्देशी खोक्याचा जीव त्यातच असतो, आणि सगळ्यात जास्त बिघाडही तिथेच होतो.

उडदाचे पापड तपासताना वरचा पापड पाहून भागत नाही. वरचे हवेला लागून सुकतात, ओल राहते ती गड्डीच्या मध्यात. मधला पापड काढून वाकवायचा. तो न तडकता थोडा वाकावा, पण शेजारच्या पापडाला चिकटलेला नसावा. चिकटत असेल तर ओल जास्त आहे, आणि बंद पिशवीत आठवड्याभरात बुरशी धरेल. पापडावरचे काळे ठिपके बहुधा मिऱ्याचे असतात. शंका आली तर बोटाने चोळून पाहायचं. मिऱ्याचा कण पिठात रुतलेला असतो आणि जागचा हलत नाही. बुरशीचा ठिपका पुसला जातो, बोटाला राखाडी किंवा हिरवट भुकटी लागते आणि वास कुबट येतो. या गोदामातल्या ताई हे न सांगता करतात. पापडाची पारख त्यांना घरचीच आहे.

कुरडया आणि बिबड्यांचं (ज्वारीच्या खान्देशी पापडांचं) उलट. त्या वाकताच कामा नयेत. मोडल्यावर कट् असा कोरडा आवाज आला पाहिजे. लवचिक लागल्या तर एक-दोन दिवस ऊन दाखवून मगच भरायच्या. उन्हाची खान्देशात कमी नाही, पावसाळ्यात मात्र हे जमत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर या दिवसांत कुरडयांचं खोकं शक्यतो काढू नये. आणि कुरडई कधीही व्हॅक्यूम पॅक करू नये. हवा ओढली की पिशवी आवळते आणि आत भुगा होतो. व्हॅक्यूम करायचे ते पापड, पीठ आणि मसाला. कुरडई, शेव, चकली आणि वेफर्सना कडक डबा किंवा आत पुठ्ठ्याची चौकट हवी.

व्हॅक्यूम पिशवी भरल्या भरल्या घट्ट दिसते, त्यावर विश्वास ठेवू नये. ती चोवीस तास तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी पिशवी सैल पडली असेल तर कुठेतरी बारीक छिद्र आहे. अख्खी लाल मिरची पाठवताना हे हमखास होतं. नंदुरबार, दोंडाईचाची वाळलेली मिरची असते आणि तिचे देठ सुईसारखे पिशवीतून बाहेर येतात. देठ खुडून घ्या किंवा दुहेरी पिशवी मागा.

काळ्या मसाल्याची अडचण शिलाईत असते. पिशवी भरताना मसाल्याची धूळ तोंडाच्या आतल्या बाजूला बसते, आणि त्या धुळीवरच गरम पट्टी दाबली की प्लास्टिक एकमेकांना पूर्ण चिकटत नाही. शिवाय मसाला तेलात भाजलेला असतो, त्यामुळे तेल हळूहळू त्या फटीतून झिरपतं. बोटभर रुंदीची, कण नसलेली, सलग पट्टी दिसली पाहिजे. मग तळहाताने पिशवी दाबून कानाजवळ धरायची. बारीक फुस्स ऐकू आलं तर तोंड कोरड्या फडक्याने आतून पुसून पुन्हा शिलाई करायची. त्यावर दुसरी पिशवी चढवायची आणि मसाला कपड्यांपासून वेगळ्या कप्प्यात ठेवायचा. एका फुटलेल्या पाकिटाने अख्ख्या खोक्यातल्या साड्यांना लागलेला वास अनेक धुण्यांनंतरही जात नाही.

मसाल्याबद्दल आणखी एक गोष्ट विचारून घ्यायलाच हवी: त्यात खसखस आहे का? काही घरांत काळ्या मसाल्यात खसखस पडते, काहींत पडत नाही. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे, आणि तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली पाहिली जाते. दुबईला जाणाऱ्या खोक्यात घरगुती मसाला असेल तर घटकांची यादी एजंटने विचारलीच पाहिजे. या गोदामात ती आपणहून विचारत नाहीत, आपण लिहून द्यावं लागतं. ही उणीव छोटी नाही.

कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) आणि ज्वारीच्या पिठात जाळी पाहायची. पिशवी उजेडासमोर धरून तिरपी करायची. पीठ सरकताना गुठळ्या धाग्यांनी लोंबल्यासारख्या दिसल्या तर अळीने जाळं केलं आहे. अंडी मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पीठ, डाळी आणि बिबडे बंद पिशवीत उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये किमान चार दिवस ठेवावेत आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. लगेच उघडली तर बाहेरच्या हवेतलं पाणी पिठावर बसतं. फ्रीझरची सोय या गोदामात आहे आणि तिचे पैसे माफक आहेत. नवापूरची तूरडाळ मागवणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी.

केळीचे वेफर्स आणि शेव यांची पाकिटं फुगीर असतात. विमानाच्या मालकक्षात हवेचा दाब साधारण आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या तीन-चतुर्थांश. त्या दाबाला पाकिटातली हवा जवळपास एक-तृतीयांशाने वाढते. पाकिटाला फुगायला जागा असेल तर काही होत नाही. पण खोकं बंद करायला वरून दाबलेली पाकिटं आधीच ताणलेली असतात, आणि तीच फुटतात. टाचणीने भोक पाडण्याचा उपाय काही जण सांगतात, तो करू नये. वेफर्स मऊ पडतात आणि शेव खवट होते. वरच्या थरावर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडणं हाच उपाय. तळलेल्या मालाची ‘वापरण्याची मुदत’ पाहत बसू नका, बनवल्याची तारीख पाहा. पंधरा दिवसांपेक्षा जुनी शेव खोक्यात घालू नये, कारण प्रवासाचे आणि कस्टममध्ये अडकण्याचे दिवस पुढे लागतातच.

लोणचं हा सगळ्यात त्रासाचा नग. बरीच कुरिअर तेल आणि पातळ पदार्थ घेतच नाहीत, तेव्हा आधी विचारा. घेत असतील तर काचेऐवजी जाड प्लास्टिकची बरणी, तोंडावर फॉइलचं सील आणि त्यावर झाकण. बरणी काठोकाठ भरायची नाही आणि अर्धी रिकामीही ठेवायची नाही. वर हवा जितकी जास्त, तितकं ती फुगताना तेल बाहेर ढकललं जातं. तपासणी साधी आहे: बरणी कोऱ्या कागदावर उलटी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कागद पाहायचा. सुपारीएवढा तेलाचा डाग दिसला तरी बरणी नापास. या गोदामात हे रात्रभरच ठेवतात. आमच्या मते पूर्ण चोवीस तास हवेत. उन्हाळ्यात तेल पातळ होतं आणि दिवसाच्या उष्णतेत जे गळतं ते रात्री गळत नाही.

उन्हाळ्याचाच विषय निघाला म्हणून: जळगाव-भुसावळला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त तापतं. या गोदामाला पत्राच आहे. खाण्याचं सामान ठेवायची एक आतली खोली आहे, तिला कूलर आहे, पण माल आधी बाहेरच्या फळीवर उतरतो आणि कधीकधी दुपार तिथेच काढतो. दराब्याचे लाडू, चॉकलेट, तुपातलं काहीही या दिवसांत मागवू नये. साध्या टेपचा गोंदही या उष्णतेत सैल होतो, म्हणून खोक्यावर टेप एक पदरी नको. मधल्या जोडावर आणि दोन्ही कडांवर अशी इंग्रजी एचच्या आकारात ती लावलेली हवी.

तूप, पेढे आणि खव्याचं काहीही युरोपीय संघातल्या देशांत खासगी पार्सलने जात नाही. दूध आणि मांसाचे पदार्थ तिथे बाहेरून आणायला बंदी आहे. न्यूझीलंडला मध पाठवू नये. ऑस्ट्रेलियाला बियाणं, गवत, माती लागलेली वस्तू आणि साल असलेलं लाकूड अडवतात. पोळपाट-लाटणं पाठवत असाल तर बारीक गोल भोकं आणि खाली पडलेला भुसा पाहून घ्या, तो कीड लागल्याचा पुरावा असतो. ताजी वांगी, मेहरुणची बोरं, केळी यांचा विचारच करू नये.

पूजेच्या सामानात लोक नकळत दोन वस्तू घालतात. पहिली म्हणजे कापूर. हवाई वाहतुकीत तो ज्वालाग्राही घन पदार्थ म्हणून धोकादायक मालात मोडतो. दुसरी म्हणजे सुकं खोबरं. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या यादीत त्याचा वर्ग ४.२ आहे. सत्यनारायणाच्या तयार पाकिटात कापराची डबी आणि खोबऱ्याची वाटी दोन्ही असतात, आणि पाकीट बंद असल्याने यादीत नुसतं ‘पूजा साहित्य’ लिहिलेलं असतं. या गोदामात ती पाकिटं उघडून पाहतात आणि या वस्तू बाजूला काढून फोटो पाठवतात. मुंबईत एक्स-रेला खोकं अडकलं की एका डबीपायी अख्खं खोकं परत येतं, तेव्हा ही तपासणी पैसे वसूल करून देते. अत्तर, नेलपॉलिश, काडेपेटी, सुटी पॉवर बँक, रोकड आणि सोनं यांनाही हाच नियम. जळगावच्या सोन्याचं नाव मोठं असलं तरी ते खोक्यातून पाठवायचं नाही.

खापराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण परदेशातून त्याची मागणी वाढली आहे आणि नीट पोचणारं खापर कमी आहे. मांडे करायला लागणारं भाजलेल्या मातीचं खापर आधी नुसतं वाजवून पाहायचं. एका हाताने कडेला धरून, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने मध्यावर आणि मग कडेने गोल फिरत टिचकी मारायची. चांगलं भाजलेलं, सलग खापर टण् असा लांबणारा आवाज देतं. केसाएवढी भेग असली तरी आवाज लगेच बसतो, खट् होऊन थांबतो. शंका आली तर आतून ओलं फडकं फिरवायचं. कोरड्या पृष्ठभागावर न दिसणारी भेग पाणी शोषून काळपट रेघ होऊन दिसते. रेघ दिसलेलं खापर पाठवूच नये, विमानाचे धक्के सोडा, गोदामातून गाडीत चढतानाच ते दुभंगतं. माती लागलेली असेल तर धुऊन पूर्ण वाळवायचं.

पॅकिंगमध्ये चूक बहुधा पोकळीची होते. खापराच्या बाहेरून पाच थर फुगवटा प्लास्टिकचे (बबल रॅपचे) गुंडाळतात आणि आतली पोकळी तशीच ठेवतात. वरून दाब आला की ते आत कोसळतं. आतली पोकळी चुरगाळलेल्या कागदाने घट्ट भरली पाहिजे. मग पहिलं खोकं, आणि त्याभोवती सगळीकडून पाच सेंटिमीटर भरण ठेवून दुसरं खोकं. पाच पदरी पुठ्ठा लागतो, तीन पदरी चालत नाही. पॅकिंगच्या आयस्टा १ए या प्रमाणित चाचणीत दहा किलोपेक्षा हलकं खोकं ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात: एका कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहा पृष्ठांवर. एवढं सगळं गोदामात होत नाही, पण बंद खोकं हलवून आत काही सरकल्याचा आवाज येतो का, हे पाहता येतं आणि त्याचा व्हिडिओ मागता येतो. आवाज आला तर खोकं पुन्हा उघडायला लावा.

खापराचा खर्च मात्र आधी काढून घ्या. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि घनमापाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतं. घनमापाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधला गुणाकार, भागिले ५०००. चाळीस सेंटिमीटर व्यासाचं, वीस सेंटिमीटर उंच खापर भरणासह ५० × ५० × ३० च्या खोक्यात बसतं. त्याचे ७५,००० होतात, म्हणजे १५ किलो. खापर स्वतः चार-पाच किलोचं, पैसे पंधरा किलोचे. पोकळीत कागदाऐवजी मऊ कपडे आणि पापडाची चपटी पाकिटं भरली तर त्याच पैशांत तेवढं सामान जातं. कपड्यांनी पोकळी कागदापेक्षा चांगली भरते, फक्त त्यात मसाला नको.

याच हिशोबात फुगलेलं खोकं महाग पडतं. ४० × ३० × ३० चं खोकं ७.२ किलो येतं, अर्ध्या किलोच्या टप्प्याने ७.५ धरतात. तेच खोकं जास्त भरून वर आणि खाली दोन-दोन सेंटिमीटर फुगलं, तर उंची ३४ होते, घनमाप ४०,८०० आणि वजन ८.१६. म्हणजे ८.५ किलोचे पैसे. कुरिअरचं यंत्र सगळ्यात उंच बिंदू मोजतं, खोक्यावर छापलेलं माप नाही. म्हणून बंद झाल्यावर मोजपट्टी फुगवट्यावर धरून काढलेला फोटो मागा. या गोदामाचा अंदाज आणि कुरिअरचं बिल यांत फरक पडतो तो बहुधा इथेच, आणि फरक ग्राहकाच्या माथी येतो. मोजणी टेप लावायच्या आधी करतात, ही पद्धत चुकीची आहे आणि ती बदलायला हवी. काटा मात्र चांगला आहे. त्यावर चालू वर्षाचा वजनमापे खात्याचा शिक्का दिसतो.

जागा वाचवायला विक्रेत्यांची खोकी काढून टाकणं योग्यच, पण त्या भरात पाकिटावरचं छापील लेबल फाडू नये. खाण्याच्या वस्तूवर घटक आणि तारीख नसेल तर तिकडचा अधिकारी तिला अनोळखी पदार्थ धरतो. बचत गटाच्या साध्या पिशवीत आलेल्या मालावर लेबल नसतंच. अशा वेळी गोदामाने पदार्थाचं नाव, घटक, वजन, तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता इंग्रजीत छापून चिकटवावा. इथे ते करून देतात, पण सांगितल्यावर.

कागदपत्रांत एक सवय मोडायला हवी: सगळ्यावर ‘स्नॅक्स’ आणि ‘गिफ्ट’ लिहिण्याची. युरोपीय संघाच्या आयसीएस२ या आगाऊ माहितीच्या यंत्रणेत ‘फूड आयटम्स’सारखी ढोबळ वर्णनं चालत नाहीत. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, त्यामुळे तिथे आता प्रत्येक ओळीचं वर्णन आणि किंमत महत्त्वाची झाली. खाण्याच्या मालाची आगाऊ सूचनाही तिथल्या एफडीए या अन्न-औषध खात्याला द्यावी लागते. घरी बनवून माणसाने माणसाला पाठवलेल्या भेटीला त्यातून सूट आहे, पण एजंटने बाजारातून विकत घेतलेला माल त्यात बसत नाही. यादीत ‘उडीद पापड, १ किलो, २ पाकिटं, एचएसएन १९०५ ९०४०’ असं लिहिलेलं हवं. एचएसएन म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक. मिश्र मसाल्याला ०९१० ९१. नग, वजन आणि किंमत तपासणीच्या फोटोंशी जुळतात का, हे खोकं सुटायच्या आधी ग्राहकानेच पाहावं. जळगावहून यादी संध्याकाळी येते आणि सकाळी गाडी निघते, तेव्हा वेळ थोडाच मिळतो. पाठवणाऱ्याचं ओळखपत्रही आधीच देऊन ठेवा, त्याशिवाय कुरिअर खोकं उचलत नाही.

एवढ्या तपासणीनंतरही काही गोष्टी गोदामात कळत नाहीत. मिक्सर चालू करून पाहतात, पण तो अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर चालणार नाही, हे ग्राहकालाच माहीत हवं. तांब्याच्या भांड्याची कल्हई वरून चकाकते, ती किती जाड आहे ते फोटोत दिसत नाही. मसाल्याचा तिखटपणा आणि शेवेची चव कुणी तपासत नाही. त्यासाठी पहिल्या वेळी पाव किलोच मागवावं.

खोकं तिकडे पोचल्यावर घेणाऱ्याने गोदामाचे शेवटचे फोटो समोर ठेवून बंद खोक्याचे सहाही बाजूंनी फोटो काढावेत, मग उघडावं. टेप वेगळ्या रंगाची दिसली तर वाटेत कस्टमने उघडलंय, आणि तसं बहुधा आत चिठ्ठीत लिहिलेलं असतं. फुटलेलं काही निघालं तर खोकं आणि भरण फेकू नये. नुकसानभरपाईसाठी कुरिअर ते पाहायला मागतं, आणि अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते. गोदाम आपले फोटो नव्वद दिवस ठेवतं, त्यानंतर पुसतं. पोचल्याच्या दिवशीच ते स्वतःकडे उतरवून घ्या.